लोक लई भ्यालेत

घोडेगावच्या बाजारात गाय घ्यायची तर गोरक्षला सोबत न्यावं, असं वस्तीवर सगळे म्हणत. गाय दुधाळ दिसावी म्हणून धार न काढता तुंबवून ठेवलेली कास तो लांबूनच ओळखायचा. आपल्याला कुणी गंडवू शकत नाही, हा त्याचा अभिमान होता, आणि तो काही अगदीच पोकळ नव्हता.

म्हणूनच 'ओढ्याकाठच्या उसात बिबट्या' असा व्हिडिओ मोबाईलवर आला तेव्हा तो पोट धरून हसला. व्हिडिओतला ओढा इथला नव्हता आणि बिबट्याची सावली भलतीकडेच पडलेली होती. हे त्याने चारचौघांत फोड करून सांगितलं. तरी माणसं काठ्या घेऊन पोरांना शाळेत सोडायला जाऊ लागली. लोकांना मोबाईलने येडं केलंय, असं गोरक्ष उठताबसता म्हणायचा. जेवण झालं की तोच व्हिडिओ तो पुन्हा पुन्हा लावून बघायचा, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. आपण त्यातल्या चुका शोधतोय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

त्या दिवशी गाईला घालायला घास नव्हता; हिरवा चारा होता तो उसाच्या कडेलाच. बायको गोजरबाई उसाकडे एकटी जायला कचरत होती. गोरक्षने तिची टर उडवली, तूही त्या लोकांतलीच निघालीस म्हणाला. ती विळा घेऊन गेली.

दिवस मावळला तरी ती परतली नाही. फोन लावला तर तो चुलीजवळच वाजला. मग गोरक्ष निघाला. आपण भ्यालो नाही, तीच कुठेतरी घाबरून बसली असेल, असं घोकत निघाला. वाटेत एक दगड तेवढा उचलून घेतला.

बांधावर वाऱ्याची झुळूकही नव्हती. हाक न मारताच तो कडेकडेने पुढे गेला. उसाच्या कडेला पाचट वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. पिवळसर, वाकलेलं काहीतरी हळूहळू त्याच्या दिशेने सरकलं. व्हिडिओत अगदी तसंच सरकत होतं. त्याने जीव खाऊन दगड भिरकावला.

"आई गं."

तो आवाज ऐकून गोरक्ष धावला. डोक्यावर पिवळं पोतं घेतलेली गोजरबाई घासाचा भारा ओढत येत होती. आता ती भाऱ्यावरच बसली होती आणि भुवईतून रक्त वाहत होतं. डोळा थोडक्यात वाचला होता.

दवाखान्यात टाके घालता घालता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कसं झालं. गोजरबाईच्या आधी गोरक्षच बोलला.

"त्या व्हिडिओनं लोक लई भ्यालेत, बाई. अंधारात कुनीतरी दगड मारला."

गोजरबाईने उघड्या डोळ्याने नवऱ्याकडे पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "लोक लई भ्यालेत. त्यातलाच एक माझ्या घरात ऱ्हातो."