आतड्याचा तुकडा

१२ जुलै. आज प्रयोगशाळेत मी उंदराच्या आतड्याचा तुकडा कोमट खारट पाण्यात टांगून बद्धकोष्ठाची जुनीच औषधं तपासत होते. थेंब पडला की तुकडा आक्रसायचा, मग सैल व्हायचा.

घरी आई अंथरुणाला खिळलेली. कॅन्सरच्या वेदना थांबवणाऱ्या गोळ्यांनी तिचं पोट थिजलंय. हीच औषधं तिला देऊन झाली.

"लहानपणी नाक दाबून एरंडेल पाजलं की कशी पळायचीस!" ती म्हणाली. "एवढी शिकलीस, तुला माझ्या पोटाचं काही जमेना होय गं?"

मेलेला तुकडा थेंबाला ओ देतो, जित्या आईचं पोट देत नाही. माझ्याकडच्या औषधांत आता देण्यासारखं काही उरलेलं नाही.

१३ जुलै. सकाळी हातमोजे घातले, तिला कुशीवर वळवलं आणि बोटानेच मळ काढला.

"नाक दाब," ती म्हणाली.