काकांच्या काकू

कीर्तनकारांना घाम फोडणारा श्रोता आमच्या थोरल्या आईसारखा उभ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. तेरच्या कुंभार संतांना आमच्या भागात सगळे काका म्हणतात. थोरल्या आईचं म्हणणं एवढंच, की काका आहेत तर काकूही असणार. भजनात दंग होऊन काकांनी चिखलाबरोबर पोटचं पोर तुडवलं, हा प्रसंग आला की बुवा डोळे पुसत आणि ही बायकांच्या घोळक्यातून विचारी, "आन् काकूंच्या दुधाचं काय झालं?" मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होई. शिवाय ती मोठी धोरणी. महाराजांना आधी आग्रहानं पुरणपोळी वाढायची, वर तुपाची धार, आणि मग प्रश्न. खाल्ल्या मिठाला जागून त्यांना रागावता येत नसे. तेरखेड्याचे एक बुवा तर फटाक्यांच्या गावचे, पण आमंत्रण घेण्याआधी ती बाई कीर्तनाला असते का, एवढं विचारून घेत.

थोरली ही दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पहिली बायको. तिचं तान्हं मूल गेलं, पुढं कूस उजवली नाही, म्हणून दादांनी तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न केलं. ती माझी आई. काकांनाही सासऱ्यानं धाकटी मुलगी दिली होती. त्यामुळं कथेचा तो भाग आला की आमचं सगळं घर माना खाली घाली.

एका वर्षी कीर्तन आमच्याच अंगणात होतं. गावासमोर शोभा नको म्हणून दादांनी मला थोरलीच्या शेजारी बसवलं आणि ती उठली तर पदर ओढ असं बजावलं. माझ्या पलीकडं आई. बुवा धाकटीच्या लग्नावर आले. मी पदर ओढला. थोरली पदर सोडवून उठली.

"महाराज, दुसरी आणताना काकूंना कुणी इचारलं व्हतं का?"

दादा जमिनीकडं बघत राहिले. कीर्तनात कधी तोंड न उघडणारी माझी आई खाली मान घालून हळूच म्हणाली,

"आक्का, मलाबी कुणी इचारलं न्हाय. तुमीबी न्हाय."

थोरली मटकन खाली बसली. भल्याभल्या बुवांना निरुत्तर करणाऱ्या त्या बाईला शरमेनं मान वर करता येईना. तिनं माझ्या मांडीवरून हात नेऊन आईचा हात धरला आणि कीर्तन संपेपर्यंत सोडला नाही. त्या न विचारलेल्या लग्नाची लेक मी. दोघींच्या मधे बसून कुणाच्या अंगाला टेकावं, ते मला कळेना.