नळाला सांगितलेली सपनं

आमच्या मोठ्या बाई सकाळी उठल्या की आधी स्वप्न सांगायच्या, मग तोंड धुवायच्या. तोंडाला पाणी लागलं की स्वप्न वाहून जातं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पदर तोंडाशी धरलेला, डोळे अर्धे मिटलेले, अशा त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि सुरू व्हायच्या. "अवं शालू, ऐक. वाडीतली समदी संत्री उडून राह्यली, पाखरावानी. अन् तुहे भासरे टोपली घेऊन मांगं पळून राह्यले. म्या म्हटलं, जाऊ द्या ना, संध्याकाळी येतीन घरी." एवढं झालं की चूळ भरायची, आणि मग दिवस सुरू.

मोठ्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. राहायच्या श्यामजी पंतांचं म्हणतात त्या तळेगावला, संत्र्याच्या वाडीला लागूनच घर. भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या स्वप्नात ते नेमाने यायचे. "काल आलते. चहा मांगितला. म्हटलं दूध नाई. तं गेले." असं सांगून त्या स्वतःच हसायच्या. मी वर्ध्याला, कारण आमच्या यांची एस.टी.तली नोकरी इथली, आणि रिटायर झाल्यावर इथेच राहिलो.

स्वप्नांचे त्यांचे कायदे पक्के होते. संत्री उडाल्यासारखं रिकामं सपन असलं, तर चहाबरोबर साऱ्या घराला सांगायचं. खराब सपन माणसाला सांगायचं नाही, ते वाहत्या पाण्याला सांगायचं, पाणी घेऊन जातं. आणि चांगलं सपन पडलं तर कोणालाच सांगायचं नाही, खरं होईपर्यंत. "चांगलं सपन म्हणजे इरजण लावलेलं दूध," त्या म्हणायच्या. "घडीघडी झाकण काढून पाह्यलं तं दही लागत नाई." मी एकदा चिडवलं, "मंग बाई, तोंड धुताना ते चांगलं सपन वाहून जात नाई का?" तर म्हणाल्या, "ते पोटात असते. तोंडात कुठी असते?"

त्या आमच्याकडे सगळ्यात जास्त राहिल्या त्या माझ्या आजारपणात. आंघोळ करताना डाव्या छातीत हाताला गाठ लागली होती. किती तरी दिवस मी कोणाला बोललेच नाही. बोलणार तरी काय आणि कसं, तुम्हीच सांगा. शेवटी सुनेला सांगितलं, मयूरीला, तर तिने मला सरळ सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सुईने तपासलं त्यात नक्की काही कळेना, म्हणून डॉक्टरांनी गाठ काढायचं ठरवलं. काढली. ती तपासायला दिली, आणि रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील म्हणून मला घरी धाडलं. छातीला पट्टी, हातात औषधांची पिशवी, आणि मनात तो एक शब्द. घरातल्या कोणीच तो उच्चारत नव्हतं. टीव्हीवर आला तरी हे चॅनल बदलायचे.

यांनी तळेगावला फोन करून नुसतं कळवलं होतं. बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने मोठ्या बाई दारात. एका हातात संत्र्यांची थैली, काखोटीला गोधडीची वळकटी. मला वाटलं आता गळ्यात पडून रडतील. तर खाटेजवळ उभ्या राहून मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "काऊन वं, माह्याआधी म्हातारी व्हाले निघाली का?" मी हसले तर टाका दुखला. आठवड्यात पहिल्यांदाच हसले होते.

थैलीच्या तळाशी एक छोटी उशी होती. घरच्या कापसाची, त्यांनी स्वतः शिवलेली. "काखेत ठेवजो. हात अंगाले नाई लागला पायजे." उशीत सरक्या राहून गेल्या होत्या, त्या टोचायच्या. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "मंग का झालं? कापूस अस्सल हाय हे तं समजलं." ती उशी काखेत धरून मी झोपायची, आणि त्या माझ्या खाटेशेजारी खाली अंथरूण टाकायच्या. सकाळी गोधडीची वळकटी करायच्या, गोल, वाडीत राखणीला जाताना करतात तशी. मयूरीला ते बघवायचं नाही. ती संध्याकाळी कामावरून आली की वळकटी सोडून तिची चौकोनी घडी करायची, कोपऱ्याला कोपरा लावून. सकाळी वळकटी, संध्याकाळी घडी. दोघी एकमेकींना एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि दोघींनी आपापलं सोडलं नाही.

आता तळेगावला विहीर आहे, वाडीत पाट आहे. वर्ध्याच्या आमच्या घरात वाहतं पाणी कुठून आणायचं? मोठ्या बाईंनी न्हाणीघरातला नळ धरला. माझ्या आजारपणात त्यांना खराब सपनं फार पडायची बहुतेक, कारण रोज सकाळी आतून कडी, नळ सोडलेला, आणि पाण्याच्या आवाजात त्यांचं पुटपुटणं. आमचे हे बाहेरून ओरडायचे, "वहिनी, नळ बंद करा! टाकी रिकामी होऊन राह्यली." आतून उत्तर यायचं, "थांबा ना भाऊजी, सपन लांब होतं!" काय सांगत होत्या ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं नसतंच.

भेटायला माणसं यायची. बिस्किटचा पुडा, नारळपाणी, आणि सोबत एखादी गोष्ट. शेजारच्या एक बाई आल्या, चांगल्या मनाच्या, पण बसल्या-बसल्या सुरू झाल्या, "आमच्या मावससासूचंही अगदी असंच झालं होतं हो. आधी म्हणाले साधी गाठ आहे, आणि मग..." मोठ्या बाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात वर केला. "थांबा थांबा. आधी माहं सपन ऐका, नाई तं इसरून जाईन." आणि मग जे काही सुरू झालं! बैल आला, बैलावर बसून तहसीलदार आला, तहसीलदाराला पोहता येत नव्हतं, वाडीत पूर आला, पुरात दळण वाहून गेलं, तर पीठ कोणाचं यावरून भांडण. त्या बाईंनी दोनदा उठायचा प्रयत्न केला. "बसा ना, अजून मेन तं राह्यलंच." शेवटी त्या चहा अर्धा टाकून गेल्या. मी म्हटलं, "बाई, हे खरंच पडलं होतं का?" मोठ्या बाई शेंगा सोलत म्हणाल्या, "अर्धं."

दुपारी मात्र घर निवांत व्हायचं. हे पेपर तोंडावर घेऊन पडायचे, मयूरी कामावर गेलेली असायची. औषधांनी माझे डोळे जड व्हायचे, पण झोप पूर्ण लागायची नाही, कूस बदलता येत नव्हती ना. मग मोठ्या बाई खाटेला टेकून बसायच्या आणि हळू आवाजात वाडीचं सांगत राहायच्या. संत्र्याला बहार आला होता त्या दिवसांत. "पांढरं पांढरं झालं वं समदं. सकाळी वास येते ना, तं बोरिंगच्या पाण्यालेबी वास येते." पडद्यातून ऊन यायचं, पंखा फिरायचा, आणि मला कळेनासं व्हायचं की आता त्या बोलताहेत की मलाच दिसतंय. मी त्या झाडांच्या मधून चालत असायची, दोन्ही हात मोकळे, छातीवर पट्टी नाही, फुलं डोक्यावर पडताहेत. दूर कुठे तरी मोठ्या बाई म्हणत असायच्या, "पाय जपून टाक, पाणी सोडलंय." जागी झाले तर त्या तिथेच बसलेल्या, डोळे मिटलेल्या, हात माझ्या पायावर. कधी कधी मला वाटायचं, आम्ही दोघी एकाच ठिकाणी जाऊन आलो.

पण उतरत्या उन्हाबरोबर भीती यायची. रिपोर्टची. पोरांचं काय, यांचं काय, हे सगळे विचार यायचेच, पण खरं सांगू? मला वाटायचं, अजून मन भरलं नाही. एवढंच. मोठ्या बाईंना मी हे एकदा बोलले. त्यांनी माझ्या काखेतली उशी नीट सरकवली. मग म्हणाल्या, "माहंबी नाई भरलं. तुह्याकडून." आणि उठून वेणीफणीचं सामान घेऊन आल्या. माझा डावा हात वर जात नव्हता, म्हणून माझा अंबाडा त्याच बांधायच्या.

रिपोर्टचा दिवस आला. आदल्या रात्री मला झोपेची गोळी दिली होती. सकाळी डोळे उघडले ते नळाच्या आवाजाची वाट बघतच. आवाज नाही. मोठ्या बाई चहा घेऊन आल्या, कपबशी ठेवली, आणि गप्प उभ्या राहिल्या. तोंड धुतलेलं दिसत होतं. मी कपाला हात लावला नाही.

"बाई, आज सपन नाई पडलं?"

"पडलं."

"मंग सांगा ना."

"सांगत नाई."

यांनी पेपर खाली केला. मयूरी डबा भरता भरता थांबली. कायदा साऱ्या घराला पाठ होता. खराब असतं तर नळाला सांगितलं असतं, रिकामं असतं तर आम्हाला. माझ्या अंगातलं काही तरी सैल झालं. मी तो चहा पूर्ण प्यायले. सावंगीला जाताना ऑटोत हे पुढे बसले होते, मागे मयूरीने माझा हात धरला होता, आणि मी मनात एकच घोकत होते, सांगत नाई, सांगत नाई.

डॉक्टर पोरगी तरुण होती. कागद बघून हसली. "आजी, साधी गाठ होती. कॅन्सर नाही. दर वर्षी एकदा तपासणीला मात्र यायचं हं." पुढचं मला ऐकू आलं नाही. मयूरी रडत होती आणि मीच तिची पाठ थोपटत होते, उजव्या हाताने.

घरी आलो. यांनी दारातूनच सांगितलं, "वहिनी, काही नाई निघालं!" मोठ्या बाई म्हणाल्या, "हाव? मंग भात टाकते." आणि भाताकडे न जाता न्हाणीघरात गेल्या. कडी लागली. नळ सुटला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं आणि पाण्याखाली त्यांचा आवाज, मधेच हुंदका, परत आवाज. टाकी भरभर खाली होत होती. आमचे हे दाराबाहेर उभे होते. त्या दिवशी ते नळ बंद करा म्हणाले नाहीत.

मी खाटेवर टेकले आणि माझी नजर खाली गेली. मोठ्या बाईंची गोधडी भिंतीशी होती. चौकोनी. कोपऱ्याला कोपरा लावलेली, मयूरीने आदल्या संध्याकाळी केलेली घडी जशीच्या तशी. ती रात्री उकललीच नव्हती. मोठ्या बाई रात्रभर बसून होत्या, माझ्या खाटेला टेकून.

मी ती घडी तशीच राहू दिली. त्यांनी आल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी तुहा अंबाडा तू बांधशीन, त्या दिवशी मी जाईन." मला तो जमायला लागला तरी चार दिवस मी केस मोकळे सोडून त्यांच्यासमोर बसायची. त्यांनाही कळत असणार. शेवटी म्हणाल्या, "पुरे झाली नाटकं. वाडीत माहं काम हाय." बसस्टँडवर गाडी लागली तेव्हा मी धीर करून विचारलं, "बाई, त्या दिवशी तुमची गोधडी तं उकललीच नव्हती. मंग सपन कसं पडलं?"

त्या पायरीवर चढल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "काऊन? सपन पडाले झोपच लागते का?" मग खिडकीतून हात बाहेर काढून, "येजो वाडीत, बहार सरायच्या आधी."

त्यानंतर दर वर्षी तपासणीच्या सकाळी मी तळेगावला फोन लावायची. "बाई, काही पडलं का?" तिकडून तेच उत्तर, "पडलं. सांगत नाई." फोन ठेवायच्या. दर वर्षी सगळं ठीक निघायचं.

मागच्या हिवाळ्यात मोठ्या बाई गेल्या. जेवल्या, जरा पडते म्हणाल्या, आणि झोपेतच गेल्या. वाडी तेव्हा फुलावर यायची होती. मी गेले तेव्हा त्यांची गोधडी कोपऱ्यात होती, वळकटी केलेली. ती मी मागून आणली.

आज माझी तपासणी आहे. त्या नसतानाची पहिली. गेले दोन-तीन दिवस मी नळ सोडून बरंच काही बोलले, हे आता थकले आहेत, पण बाहेरून टाकीचं ओरडायला विसरले नाहीत. काल ती गोधडी अंगावर घेतली आणि सरक्यांची उशी काखेत. पहाटे डोळा लागला. मोठ्या बाई आल्या होत्या, एवढं सांगते.

मयूरी चहा घेऊन आली. "आई, झोप लागली का?"

"लागली."

"काही पडलं का?"

तिने विचारता विचारता माझ्या अंथरुणाकडे बघितलं. गोधडी पुरती उकललेली, चोळामोळा होऊन पडली होती. ती हसली.

"सांगत नाई," मी म्हटलं, आणि तोंड धुवायला उठले.