लंडनची राणी लालबागच्या खोलीत

बुधाजीमामांना भुतं वश आहेत, असं आमच्या चाळीत कोणीही छातीठोकपणे सांगेल. त्यातलं एक विलायती आहे, गोरंपान, आणि रात्री ते मामांशी इंग्रजीत बोलतं. आमच्या शेजारच्या कमळाबाईंनी म्हणे ते कानांनी ऐकलंय. त्यांचा आवाज मी काढते तो असा : "गे बाये, सोता आयकलंय मी! 'येस सायब, नो सायब' म्हणत होता ता!"

साफ खोटं. येस सायब, नो सायब करणारे बुधाजीमामा स्वतःच. उमेदीची वर्षं ते बोटीवर टोपास होते, म्हणजे डेक झाडायचा आणि संडास धुवायचे. झोपेत ते अजून बोटीवरच असतात. भूत म्हणाल तर त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. मला म्हणतात,

"म्या भूत बघितलं न्हाई, बेबे. भुतांची घरं बघितली. आन ती घरं बघनाऱ्यांची तोंडं बघितली."

त्या तोंडांच्या गोष्टी ऐकायला रविवारी दुपारी अर्धी चाळ त्यांच्या दारापुढे जमते. आफ्रिकेच्या टोकाशी बोट आली की काय होतं, ते मामा सांगतात तेव्हा बिडी हातातच विझते. फार जुन्या काळी एका कप्तानानं तिथं शपथ घेतली होती, तुफान असो नाहीतर प्रलय, मी हे टोक ओलांडणारच. तेव्हापासून त्याचं जहाज त्या पाण्यात फिरतंय. बंदर नाही, किनारा नाही. दिसलं की बघणाऱ्याचं काही खरं नाही.

"धुकं पडलं की सायबलोकबी गप. एक म्हातारा खलाशी व्हता, त्यानं टोपी काढली. म्या झाडू थांबवला. समुद्र एवढा मोठा, आन एका मानसाला त्यात उतरायला जागा न्हाई."

मामांच्या त्या 'न्हाई'ची नक्कल मला अजून जमलेली नाही. शब्द जमतो, त्यामागचं पाणी जमत नाही.

तर, तळमजल्याच्या टोकाची खोली. धोंडू मुकादम तिथं खोकून खोकून वारला आणि खोलीला कुलूप लागलं ते लागलंच. आतून खोकला ऐकू येतो म्हणे. अशातच मामांच्या लेकीची, चंपाची, माहीमची झोपडी जळाली. पदरात दोन पोरं. मामांच्या खोलीत भावाचं कुटुंब आधीच दाटीवाटीनं राहतं, मामा स्वतः गॅलरीत झोपतात. मालकाचा मेहता म्हणाला, घ्या टोकाची खोली, पण चाळीतून तक्रार आली तर दुसऱ्या दिवशी बाहेर.

तक्रार कमळाबाईंच्या ओठांवर तयारच होती. त्या म्हणाल्या, आधी धोंडूचा उतारा काढायचा. सुपात भात, अंडं, लिंबू, नारळ घालून तिन्हीसांजेला नाक्यावर ठेवायचं. आणि ते न्यायचं कोणी? बुधाजीनं. गावाकडे हे काम त्यांच्याच लोकांवर टाकलेलं, चाळीतही वर्षानुवर्षं तेच चाललं. मामा सूप घेऊन निघाले की दारं धडाधड लागायची. पण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून मामांनी सुपाला हात लावला नव्हता.

"बुधाजी, येकदाच ने रे. तुज्याच चेडवासाठी मां?"

"वैनी, लेकीला खोली पायजे. सूप तुमाला पायजे. तुमीच न्या."

"आमी? ता काय आमचा काम?"

"मंग माझं बी न्हाई."

चंपा सोमवारी यायची होती. मी मामांना म्हटलं, "कमळाबाई त्या खोलीत जाऊन बसल्या तरच चाळ गप्प होईल. आणि त्या मेल्या तरी बसणार नाहीत. लावता पैज?"

"हरलो तर?"

"सूप न्यायचं."

मामांनी बिडी विझवली. "आन तू हरलीस, तर तू न्यायचं."

लावली. कमळाबाईंना मी आतून-बाहेरून ओळखते, त्याशिवाय का नक्कल होते?

रविवारी मामांनी किल्ली आणली. डेक धुवावा तशी ती खोली धुतली, पार भिंतीपासून दारापर्यंत. मग तिच्याच उंबऱ्यावर बसले आणि लंडनचा किल्ला सुरू केला. आम्ही सगळे गॅलरीत, चांगलं अंतर राखून. कमळाबाई सगळ्यांत मागे, खांबाआड, मांडीवर मेथी.

"नदीच्या कडंला किल्ला. आत काळे कावळे पाळल्यात, सरकारी. ते उडून गेले तर राज्य बुडंल म्हनत्यात. तिथं राजानं सोताच्या रानीचं मुंडकं..."

नेमका तेव्हाच रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आला. 'मुंबईसह'ला खिडक्या हादरल्या, 'झालाच पाहिजे'ला मामा ऐकू येईनासे झाले. मामांनी आवाज चढवला नाही. उलट उतरवला, आणि बसल्या बसल्या हातभर आत सरकले. ऐकणारे हातभर पुढे. डफ जवळ आला, मामा आणखी आत. मोर्चाची तारीख नाक्यावर फळ्यावर लिहिलेली होती. ती मीही वाचली होती, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही.

"काय म्हणालो तो? मुंडक्याचा काय झाला?" असं करत कमळाबाई खांबाआडून निघाल्या, माणसं ढकलत उंबरा ओलांडून गेल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. धोंडूची खाट असायची तिथं.

"ती रानी अजून फिरती, मुंडकं काखंत धरून," मामा म्हणाले. "लाल डगल्यातला शिपाई आमाला देवळात घिऊन गेला. हितं तिला पुरली, म्हनला. समद्यांनी टोप्या काढल्या. म्या बी. हातात झाडू न्हाई, शेजारी गोरी मडम, आन कुनी मला म्हनलं न्हाई, बुधाजी, हे उचलून भाईर टाक. रानीला कुनी सुपात घालून वेशीभाईर सोडत न्हाई. ऱ्हाऊ देत्यात. भाईर गवतावर लेकरं खेळत व्हती."

मोर्चा लांब गेला होता. गॅलरीत कोणी उरलं नव्हतं. सगळ्यांची तोंडं मी बघितली. मामा सांगतात तशीच होती ती.

"धोंडूक तरी कोण होता?" कमळाबाई हळूच म्हणाल्या. "खोकलोच तेवढो होतो बिचाऱ्याक." आणि मग ओरडल्या, "गे आवशी! मी खंय बसलंय!"

हसून हसून पोरं लोळली. कमळाबाई उठतील असं मला वाटलं. त्यांनी मेथीची जुडी सोडली. "आता बसलंय ता बसलंय. चंपाक सांग, भिंतीक ओल आसा, पोरांका हय निजवू नको."

पण सूप त्यांनी सकाळीच भरून ठेवलं होतं, आणि भरलेलं सूप घरात ठेवायला त्या मुळीच तयार नव्हत्या. "ह्या आता कोण नेतलो?"

मामा माझ्याकडे बघून बिडी पेटवायला लागले. पैज मी हरले होते.

तिन्हीसांजेला मी सूप उचललं. दिसतं त्याहून जड असतं ते, आणि अंडं घरंगळू नये म्हणून छातीशी धरावं लागतं. दोन दारं लागली. तिसरं माझ्याच आईनं लावलं. मामा मागून ओरडले, "बेबे, मागं वळून बघू नगंस! तुमचीच मानसं सांगायची मला!"