वेक्टर आणि पंपाची बॉडी

पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेला मी वाईट म्हणणार नाही, पण त्या वर्षी त्यानं आमचं घर उन्हात बांधलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र उद्यमनगरातल्या एका फौंड्रीसाठी प्रोग्रॅम लिहीत होतो. साच्यात ओतलेलं लोखंड कसं थंड होईल, आत कुठं पोकळी राहील, हे ओतण्याआधीच सांगणारा. आकडेमोड सी प्लस प्लसमध्ये, कारण ती झपाट्यानं होते. पडद्यावरचं चित्र पायथनमध्ये, कारण ते लवकर लिहून होतं. दोन्ही जोडणारं मॉड्यूल आम्ही मिळून लिहिलं. मित्रानं पुण्यातली नोकरी लांबवत ठेवली होती. प्रोग्रॅम चालला तर तो कोल्हापुरातच राहणार होता, आणि मला तेवढंच हवं होतं.

तपमानाचे आकडे वेक्टर नावाच्या कंटेनरमध्ये साठायचे. छोट्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, सगळं सुरळीत चालायचं. फौंड्रीच्या मालकांनी चाचणीला पंपाची मोठी बॉडी दिली आणि त्यांच्यासमोरच प्रोग्रॅम अर्ध्यात मेला. पुन्हा चालवला, पुन्हा मेला. मालक चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "पावणं, भट्टी अशी मधीच बसली तर लोखंड आतच गोठतंय. मग ती फोडायलाच लागती."

बाहेर चहा घेताना मित्र म्हणाला, पुण्याला होकार कळवतो. थांब म्हणायला मला तोंड नव्हतं.

तो गेल्यावर चूक सापडली. वेक्टर भरला की मेमरीत मोठी जागा बघून सगळं बिऱ्हाड तिकडं हलवतो, आणि आमचं पायथन आपलं जुन्या घराची कडी वाजवत बसलेलं. पत्ता धरून ठेवायचाच नाही, दर वेळी कंटेनरलाच विचारायचं, एवढाच उपाय. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ओळी बदलल्या. असला राग आला की कीबोर्ड आपटला.

पंपाची बॉडी शेवटपर्यंत चालली. लगेच मित्राला फोन लावला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, प्रोग्रॅम मेमरी किती घेतो तेही विचारलं. मग मी म्हणालो, "ये की परत."

"पोरीचं नाव घातलंय रं हितल्या शाळेत," तो म्हणाला. "आता कसला येतोय मी."

बरं म्हणून फोन ठेवला. नंतर उगाच ती बॉडी पुन्हा एकदा चालवली. पुन्हा व्यवस्थित चालली.