अक्काच्या हातचं पारणं

खरं सांगा, तुमच्या शेजारची बाई दिसेनाशी झाली तर तुमच्या ध्यानात कधी येईल? मोबाईलवर बायको गायब झाल्याच्या मालिका बघताना तुम्ही पहिल्याच भागात छातीठोक सांगता, नवऱ्यानंच काहीतरी केलंय. तो पोलिसांपुढं रडायला लागला की तुम्ही हसता. शाब्बास! आता मालिका बंद करा आणि तुमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घराचं सांगा. तिथली सून शेवटची कधी दिसली? अंगावर काय होतं? काही बोलली का?

गडमुडशिंगीच्या राजमती मगदूमला हे सांगता येईना. आणि राजमती काय डोळे मिटून चालणारी बाई नव्हे. गल्लीत कुणाची डाळ करपली ते तिला वासावर कळायचं. नवरा तवनाप्पा गेल्यावर तिनं शेत राखलं, बांध कोरणाऱ्या भावकीला विळा दाखवला, दोन लेकींची लग्नं लावली. गावात तिला नावानं कुणी हाक मारत नाही. सगळ्यांची ती 'पारण्याची अक्का'.

त्याचं असं आहे, भादव्यात जैनांचं दशलक्षण पर्व येतं. काही बाया दहा-दहा दिवस नुसत्या पाण्यावर राहतात. उपवास संपला की बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, त्यांना पाटावर बसवतात, हार घालतात, आणि गावातल्या थोर बाईच्या हातून मुगाच्या कढणाचा पहिला घोट देतात. ते पारणं. हा मान वर्षानुवर्षं अक्काचा. कढण किती पातळ, किती कोमट, हे तिच्यापुढं कुणी बोलायचं नाही. पोटात आतडी निजलेली असतात, म्हणायची, त्यांना हळू उठवायचं असतं. ह्या मानाचा तिला गर्व होता. होता म्हणजे चांगलाच होता.

तिच्या भिंतीपलीकडं अनेकांत राहायचा. आईबाप मागंच गेलेले. कोल्हापूरच्या राजारामपुरीत त्याचा शिकवणीचा क्लास; गावानं त्याला 'सर' केलेलं. बोलणं मऊ, पायात स्वच्छ चप्पल, वडीलधारं दिसलं की वाकून नमस्कार. त्यानं बायको आणली आदिती, सीमाभागातल्या खेड्यातली. तिला आई नाही, बाप अंथरुणाला खिळलेला. पोरगी आली तेव्हा गालावर मांस होतं. मग हळूहळू ती उपवास करायला लागली. अष्टमी, चतुर्दशी, मग मधलेच दिवस. विचारलं की खाली बघून म्हणायची, "आज उपास हाय, अक्का." सर मागून हसत यायचा, "तिचं मनच नाही हो खाण्यापिण्यात."

बाया हरखायच्या. आजकालच्या पोरी पिझ्झ्यावर वाढलेल्या, आणि ही बघा! तोंडावर तेज आलंय म्हणायच्या. डोळ्यांखाली काळं पडलं त्याला तेज म्हणणारी आपली जात. आपल्याला दुसऱ्याची भूक पुण्यासारखी दिसते.

गेल्या भादव्यात आदितीनं दहा दिवसांचा उपवास धरला. आता उपवासाचा नियम ज्याचा त्यानं घ्यायचा असतो, हात जोडून, स्वतःच्या तोंडानं. पंडितांनी विचारलं तेव्हा आदिती गप्प राहिली आणि उत्तर सरानं दिलं. अक्का शेजारीच उभी होती. तिला ते खटकलंसुद्धा. पण पोरगी लाजली असेल असं तिनं स्वतःलाच समजावलं.

पारण्याच्या सकाळी वाजंत्री लागली. आदितीला पाटावर बसवलं. अक्कानं वाटी तोंडाला लावली, तर पोरीनं वाटी दोन्ही हातांनी धरून एका दमात रिकामी केली. दात वाटीवर वाजले.

"अगं हळू गं बाई! काय गाडी सुटायलीया?" अक्का म्हणाली. बाया हसल्या.

मग जेवणाची पंगत बसली. उपवासवालीनं त्या दिवशी कढणावरच राहायचं, हा अक्काचा दंडक. पण अक्कानं बघितलं, आदितीनं शेजारच्या ताटातली दशमी हळूच उचलली आणि पदराखाली लपवली. दुधात भिजवलेल्या पिठाची ती दशमी अक्कानंच थापलेली. अक्काला राग आला. दहा दिवसांचं पुण्य एका दशमीसाठी घालवायचं? ती दाराशी उभ्या सराला चारचौघांत चिडवून म्हणाली, "व्हय रे अनेकांत, तुझी बायको पारण्याला दशमी चोरून न्हेतीया की! घरात पीठ न्हाय व्हय?"

सगळे हसले. सरही हसला. फक्त आदिती हसली नाही. तिनं अक्काकडं बघितलं. रागानं नव्हे. खड्ड्यात पडलेल्यानं वर आलेली दोरी धरावी आणि ती कापलेली निघावी, तसं.

त्यानंतर पोरगी गल्लीत दिसल्याचं कुणाला आठवत नाही.

दिवाळी झाली, चातुर्मास संपला, आणि आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा संघ पायी विहार करत गावातून पुढं गेला. दुसऱ्या दिवशी सर अक्काच्या उंबऱ्याशी आला. डोळे ओले. "अक्का, आदिती गेली. माताजींच्या मागं गेली. मी अडवलं नाही. धर्मात कसं अडवायचं?"

अक्काचं काळीज भरून आलं. तिनंच गावभर सांगितलं. पाणवठ्यावर, बस्तीत, लग्नाच्या मांडवात. "पारणं दिलं तवाच मी ओळखलंतं, ही संसाराची न्हवं." अक्का म्हणते म्हटल्यावर कोण शंका काढणार? बापाचा फोन आला तर सर तेच सांगायचा, आणि खाटेवरचा म्हातारा लेकीच्या नावानं हात जोडायचा.

पण घर भिंतीपलीकडंच. सर दिवसभर राजारामपुरीत. रिकाम्या घरातून दुपारी अक्काला वाटीवर दात वाजल्यासारखा आवाज यायचा. उंदीर असतील. ती उठून भिंतीला कान लावायची. काही नसायचं. वाटी धुवायला घेतली की हात थांबायचा.

उन्हाळ्यात कळलं, तोच संघ हातकणंगल्याकडं मुक्कामाला आहे. अक्कानं दुधाच्या दशम्या केल्या, एसटी धरली. माताजींच्या पायाशी बसून म्हणाली, "आमची आदिती कुठं दिसंना? तिला बघायला आलो."

माताजी गोंधळल्या. "कोण आदिती? गडमुडशिंगीतून कुणीच आलं नाही आमच्याबरोबर." आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "आणि बाई, तुम्ही जाणत्या दिसता. घरच्यांनी सगळ्यांसमोर हो म्हटल्याशिवाय, गावानं मिरवणूक काढून निरोप दिल्याशिवाय अशी कुणी येते का?"

अक्काच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. हे तिला माहीत नव्हतं? तिनं स्वतः अशा मिरवणुकीत अक्षता टाकलेल्या. दीक्षेला जाणारी बाई वाजतगाजत जाते, सगळ्या गावाची क्षमा मागून जाते. ही पोरगी कुणालाही न भेटता गेली, आणि जन्मभर नियम सांगत आलेल्या बाईनं त्याला वैराग्य म्हटलं.

परत येताना ती घरी गेलीच नाही. कोपऱ्यावरच्या हुस्नाच्या पिठाच्या गिरणीत जाऊन पोत्यावर बसली. हुस्नानं पट्टा बंद केला.

"काय ओ अक्का, तोंड का असं झालंया? पावणं घरात न्हवतं व्हय?"

"हुस्ना, सराच्या घरचं दळण कधी आलंतं?"

"सराचं?" हुस्नानं केसांवरचं पीठ झटकलं. "लगीन झाल्यावर थोडं दिवस यायची बिचारी डबा घेऊन. मग बंदच की. मला वाटलं पिशवीतला आटा आणत असतील, शिकल्याली माणसं. एकदा मात्र आलती. डबा न्हवता. खाली सांडल्यालं पीठ बघत हुभी ऱ्हायली. मी म्हटलं, काय पायजे गं? तर म्हणाली, वास चांगला येतोय."



"ती उपास करायची, ते म्या बी ऐकलंतं," हुस्ना म्हणाली. "आम्ही बी रोजं धरतो की ओ अक्का. पण आमचा रोजा सांजंला सुटतो. हिचा कधी सुटायचाच न्हाय काय?"

अक्का तडक उठली आणि सराच्या दारात जाऊन उभी राहिली. तो नुकताच आलेला, हातात गाडीची किल्ली.

"कुठल्या संघात हाय रे आदिती?"

त्यानं चेहरा जरासुद्धा हलू दिला नाही. "अक्का, उन्हातून आलात. पाणी घेता?"

"मी हातकणंगल्यास्नं आलो. तिथं न्हाय ती."

"मग दुसऱ्या संघात असेल." तो जवळ आला, आवाज आणखी मऊ झाला. "पारणं तुम्ही दिलंत. तिचं मन संसारात नाही, हे गावाला तुम्ही सांगितलंत. मी कुठं काय बोललो? आणि हो, त्या दशमीचं बरं सांगितलंत तुम्ही मला. नाहीतर मला कळलंच नसतं."

अक्का तिथूनच ठाण्याकडं वळली.

ठाण्यात वर्षाराणी नावाची हवालदार होती. तिनं अक्काला बसवलं, सगळं ऐकून घेतलं, बेपत्ता म्हणून नोंद घेतली. मग गावात चौकशी करून आली आणि पेन खाली ठेवून म्हणाली, "आजी, राग मानू नका. ज्याला विचारावं तो म्हणतोय, ती संघात गेली. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर सगळी तुमचंच नाव घेत्यात. सराविरुद्ध एक माणूस बोलंना. मी साहेबांना काय सांगू?"

म्हणजे आदितीला शोधायला कुणी निघत नव्हतं, कारण ती हरवलीच नव्हती. अक्कानं तिला पुण्यवान करून पुरून टाकलं होतं. आता ते अक्कालाच उकरायचं होतं, आणि त्यात तिचं जन्मभराचं नाव जाणार होतं.

ह्या भादव्यात पारण्याचा खर्च सरानं उचलला. बायकोच्या नावानं. बस्तीत फलक लागला, त्यावर आदितीचा लग्नातला फोटो, गाल भरलेले. बाया पाटावर बसल्या. अक्काच्या हातात कढणाची वाटी. सर पुढच्या रांगेत हात जोडून.

अक्कानं वाटी खाली ठेवली.

"मी ह्या हातानं आता पारणं देणार न्हाय," ती म्हणाली. "गेल्या साली मी ज्या पोरीला हार घातला ती उपाशी होती. उपास न्हवता तो. तिच्या नवऱ्यानं तिला उपाशी ठेवलीती. तिनं दशमी चोरली, मी ते त्यालाच सांगितलं. आणि ती संघात गेली म्हणून मी जे गावाला सांगितलं, ते खोटं हाय. मी संघात जाऊन आलो. पोरगी तिथं गेल्यालीच न्हाय."

"अक्का, खाली बसा! पवित्र दिवस हाय!" एक पंच ओरडला.

"तुम्ही बसा! लई वर्सं मी तुमचं ऐकून हुभी ऱ्हायलो!"

सर उठला. "वय झालंय त्यांचं. कुणीतरी घरी सोडा." आवाज तसाच मऊ. पण पाटावर बसलेली पूर्णिमा, दहा दिवसांची उपाशी, भिंत धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मी बी बघितलंतं. सैपाकघराला भायेरनं कडी हाय त्यांच्या. मी हळदीकुंकवाला गेलतो तवा कुलूप होतं."

मग कुणीतरी आणखी बोललं, कुणी बोलणाऱ्यांना गप्प केलं, कुणी चपला शोधू लागलं. सगळं गाव काही अक्काच्या मागं उभं राहिलं नाही. चार बाया आल्या ठाण्यात, गिरणीतून हुस्ना आली. तेवढं पुरलं.

पोलिसांनी सराचं घर उघडलं तेव्हा अक्काही आत होती. स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी होती, घासून चकचकीत झालेली. माळ्यावर, जुन्या गादीच्या शिवणीत एक रुमाल सापडला. वर्षाराणीनं तो उलगडला. आत दशमीचा तुकडा, दगडासारखा वाळलेला. कडेला अक्काच्या बोटांचे ठसे उमटलेले. तशी कड दुसरी कुणी दाबत नाही.

अर्धीच होती ती. पोरीनं पुरवून खाल्लेली. अर्धी उद्यासाठी ठेवलेली, आणि तो उद्या तिला मिळाला नाही.

सराला धरलंय. तो आज एक सांगतो, उद्या दुसरं. शेतातली विहीर उपसून झाली, नदीकाठ धुंडाळून झाला. आदिती अजून सापडलेली नाही, जिवंतही नाही आणि मेलेलीही. गावातली निम्मी माणसं अक्काशी बोलत नाहीत, बस्तीचं नाव घालवलं म्हणतात. पारण्याचा मान दुसरीकडं गेला. दुपारी भिंतीपलीकडून आवाज येतो, आणि अक्का आता तो उंदरावर ढकलत नाही. ती बसून ऐकते.

एक मात्र करते. गल्लीत कुठल्याही सुनेचा उपवास आहे असं कळलं, की ती हाराऐवजी रिकामी वाटी घेऊन त्या घरात जाते. पीठ उसनं द्या म्हणते, आणि देणारीच्या मागोमाग स्वयंपाकघरापर्यंत जाते. लोक हसतात. हसू देत.

तुम्ही हसू नका. उपवास कुठल्याही देवाचा असो, आज तुमच्या शेजारच्या दारात वाटी घेऊन जा. दार नवऱ्यानं उघडलं तरी मागं फिरू नका. तिला हाक मारा, तिच्याच तोंडून उत्तर येईपर्यंत उंबरा सोडू नका. आणि पिठाचा डबा उघडून बघा.