निळ्या झग्याची बाई आणि करडीची मंडई

तमाम रसिकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, जुन्या इंग्रजी संगीतपटांतल्या कित्येक नायिका गात असताना गात नव्हत्या. ओठ त्यांचे, गळा दुसऱ्याच बाईचा. हे गुपित बाहेर फुटू नये म्हणून मोठमोठे लोक झटत. ज्यांना या बातमीने धक्का बसला असेल त्यांनी पाणी प्यावे. माझ्या मावशाने चहा मागितला होता.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या एका पावसाळ्यातली ही गोष्ट. मावशाच्या गळ्याचे ऑपरेशन भंडाऱ्याला झाले आणि तपासणीला जवळ पडावे म्हणून तो मावशीला घेऊन करडीहून आमच्या शहापूरच्या घरी राहायला आला. दुपारी केबलवर जुने रंगीत संगीतपट लागत. त्यातल्या नटनट्यांच्या बातम्या मी कॉलेजपासून गोळा केलेल्या होत्या. त्या ऐकून घेणारा माणूस पहिल्यांदाच सापडला होता, तोही डॉक्टरांनी बोलायची मनाई केलेला.

मावसा साधा प्रेक्षक नव्हता. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेसारखी, आणि मंडईत भरदिवसा दंडार होते. त्या नाचगाण्यात बायकांची सोंगे पुरुषच घेतात. करडीच्या दंडारीत तरुणपणापासून बाई झाला तो मावसाच. त्यामुळे पडद्यावरच्या नायिकेकडे तो आपल्याच पेशातली म्हणून बघे. निळा झगा घालून जिने उतरणारी एक नटी त्याला पसंत होती, पण तिलाही सवलत नव्हती.

"झग्यात कोनीबी गिरकी घेते," तो घोगऱ्या आवाजात म्हणे. "लुगडं नेसून घे म्हना."

मी सांगितले, की त्या काळात नाचणाऱ्या बायांच्या पायांचा विमा काढत.

"आमच्याकडं बैलाचा काढतेत," मावसा म्हणाला. मावशीने त्याला गप्प राहायला सांगितले.

गळा बरा झाला, पण आवाज परत आला नाही. दसऱ्याच्या सुमारास मंडईचे अध्यक्ष मुद्दाम शहापूरला येऊन गेले. हातात काजूकतलीचा डबा होता, तेव्हाच मला शंका आली.

"आवाज पत्र्यावानी वाजून राहिला तुमचा," ते म्हणाले. "दंडारीत जो नाचते तोच गाते, हे तुमीच आमाले शिकवलं. औंदा तुमी खुर्चीवर बसा. शाल-नारळ देऊन सत्कार करू."

मावशाला ऑपरेशनची भीती वाटली नव्हती, सत्काराची वाटली. करडीत ज्याला शाल मिळाली तो पुन्हा कधी दंडारीत दिसला नव्हता. तो दोन घास कमी जेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर निळ्या झग्याची बाई लागली. त्याची समजूत काढावी म्हणून मी सांगून टाकले, की ही स्वतः गात नाही, मागे दुसरीच गाते. मावसा उठून बसला. चहा मागितला तो तेव्हा.

"अन् लोकायनं हाकलली नाही इले?"

"लोकांना कळलंच नाही."

तांदूळ निवडता निवडता मावशी म्हणाली, "मंग मी गातो ना मांगून. तुमची सारी गानी ऐकून ऐकून माहे कान किटले."

मावशाने तिच्याकडे पाहिले. गाणाऱ्या बाईकडे बघावे तसे पाहायची त्याची ही पहिलीच वेळ असावी. "सूर लागन का तुले?"

"तुमाले तरी कोठं लागे?"

तालीम आमच्या स्वयंपाकघरात झाली. तो नाचे, ती भाजी चिरता चिरता गाई. अध्यक्षांना मावशाचा निरोप गेला तो एवढाच, की आवाज परत आला, आता मी नाचणार.

मंडईच्या दिवशी मांडव एका घराच्या भिंतीला लागून होता. भिंतीला खिडकी, खिडकीला पडदा. आत मावशी, एक माईक आणि लाऊडस्पीकरच्या मशीनवर मी. बाहेरचा माईक मावशापुढे उभा, पण बंद. दोन्ही माईकची बटणे माझ्या हातात होती.

गाणे उठले आणि माणसे बसल्या जागी सरसावली. हिरव्या लुगड्यात मावसा अशी मान वेळावत होता, की त्या निळ्या झग्यावालीने शिकवणी लावावी. दुसऱ्या कडव्यात मावशीला ठसका लागला. आवाज तुटला. आता कोणी खिडकीकडे पाहिले असते तर मावसा जन्माचा खुर्चीवर बसला असता. त्याने पदर तोंडावर ओढला, लाजल्यासारखा मुरकला आणि जागच्या जागी गिरक्या घेत राहिला. मावशीने पाणी पिऊन पुढची ओळ धरली. लोकांनी त्या लाजण्यालाच शिट्ट्या मारल्या.

गाणे संपल्यावर अध्यक्ष डोळे पुसत मांडवात आले. मी त्यांच्यासाठी बाहेरचा माईक सुरू केला. त्यांनी एका दुकानदाराकडून आलेले करवतकाठी लुगडे वर धरले आणि जाहीर केले, की असा गोड गळा करडीने आजवर ऐकला नाही, आणि हे लुगडे त्या गळ्याला बक्षीस. मावशाने दोन्ही हात पुढे केले. मी आतला माईक बंद करायला हात नेला, पण मावशीने तो आधीच ओढून तोंडाशी धरला होता. भोंग्यातून साऱ्या मंडईला तोच गोड गळा ऐकू आला:

"लुगडं इकडं आना. गाऊन मी राहिली होती."